कॅम्पर व्हॅनची पाण्याची टाकी गळत असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात जा (रिव्ह्यू, ५ पैकी ४)

आधीच सांगतो, ज्या दुकानाचा रिव्ह्यू लिहितोय त्याला नावच नाहीये. पत्र्यावर ब्रशने ‘बंपर, टाकी, प्लास्टिक वेल्डिंग’ एवढंच लिहिलंय, खाली मोबाइल नंबर होता त्यातले शेवटचे आकडे उन्हाने उडालेत, आणि मॅपवर शोधाल तर मिळणार नाही. शिवाजी उद्यमनगरात शिरायचं आणि कुठल्याही गॅरेजवाल्याला टाकी जोडणारे मामा कुठे बसतात विचारायचं, हात करून दाखवतात. मी पाच पैकी चार देतोय, एक का कापला ते खाली येईलच.

गाडी आमची फोर्स ट्रॅव्हलर ३३५०, कॅम्पर करून घेतलेली. मागच्या बेडखाली १०० लिटरची पांढरी प्लास्टिकची टाकी, त्याला १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, मग सिंक, छोटा शॉवर आणि कॅसेटवालं टॉयलेट (खालचा मैल्याचा डबा ओढून काढून रिकामा करायचा, तसलं). पुणे-कोल्हापूर-आजरा-आंबोली करत सावंतवाडीकडून गोव्यात उतरायचं हा आमचा आवडता रस्ता, आणि ह्या वेळी आंबोलीत थांबलो तर मागच्या बेडखालचं प्लायवूड हाताला गार आणि ओलं. वरून दिसत काहीच नव्हतं.

आता ह्यात पहिला घोळ असा की कॅम्परमध्ये पाणी यायला वाटा खूप. एसीचं पाणी असू शकतं, छताच्या व्हेंटमधून पाऊस आत आलेला असू शकतो, आणि घाटात दमट हवेत गार विहिरीचं पाणी भरलं की टाकीलाच बाहेरून घाम येतो. कॅम्परवाल्यांच्या ग्रुपवर कोणी फोटो टाकला की लगेच सगळे सीलंट सुचवायला लागतात, पण भाऊ आधी पाणी कुठलं ते तरी ठरवा. मी काय केलं तर घरी आरओसाठी घेतलेला टीडीएस मीटर (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवतो) गाडीतच असतो, तो काढला. टाकीतलं पाणी बोअरचं, त्याचा आकडा ४१० च्या आसपास. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी वाटीत धरलं तर १५ पण नाही, कारण ते हवेतून जमलेलं पाणी, त्यात क्षार येणार कुठून, आणि पावसाच्या पाण्याचं पण तसंच. बेडखालचं पाणी स्पंजने टिपून वाटीत पिळलं तर साडेचारशेच्या वर. थोडी धूळमाती मिसळली असणार हे धरलं तरी विषय संपला, टाकीचंच पाणी. दीडदोनशे रुपयांचा मीटर आहे, गाडीत ठेवा. मीटर नसेल तर किराणा दुकानातून जिलेबीचा खायचा रंग आणून चिमूटभर टाकीत टाकला तरी कळतं, फक्त मग पुढचे दोन दिवस केशरी पाण्यात भांडी घासायची तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे गळती पंपाच्या अलीकडे आहे की पलीकडे. हे ओळखायला पैसे लागत नाहीत. सगळे नळ बंद, पंपाचा स्विच चालू (लाइनमधलं प्रेशर उतरलं की तो आपोआप सुरू होतो), आणि रात्री झोपताना कान द्या. पंप मधेच उगाच टरर्र करून दोन सेकंद चालून बंद होत असेल तर पंपाच्या पुढे कुठेतरी प्रेशर उतरतंय, म्हणजे नळ, जॉइंट, गीझरची लाइन ह्यापैकी काहीतरी. आमचा पंप रात्रभर गप्प होता. मग तो बंद करून टाकीच्या बाजूला पेन्सिलने पाण्याची रेघ मारली (टाकी अर्धपारदर्शक आहे, आत उजेड टाकला की पातळी दिसते) आणि सकाळी पाणी रेघेच्या चांगलं दोन बोटं खाली. म्हणजे एकतर टाकी नाहीतर टाकी ते पंप एवढाच तुकडा. नळातून पाणी फुरफुरत येत नव्हतं, म्हणजे पंप हवा ओढत नव्हता, म्हणून सक्शनच्या (टाकीतून पंपाकडे पाणी ओढणाऱ्या) पाइपवर माझा संशय कमी होता. अजून एक, चढावर गाडी नाक वर करून उभी असली की जास्त ओलं व्हायचं आणि उतारावर जवळजवळ थांबायचं, ह्यावरून गळती टाकीच्या मागच्या बाजूला हे पण कळलं.

एवढं सगळं ज्याने गाडी बनवून दिली त्या बिल्डरला फोन करून सांगितलं तर त्याचं उत्तर, सर सिलिकॉन मारून टाका, नाहीच थांबलं तर गाडी आणून सोडा, नवी टाकी बसवू, ११ हजार अधिक लेबर, वेळ सांगता येणार नाही. नाव घेत नाही, गाडीचं बाकीचं काम त्याने बरं केलंय. पण सिलिकॉन मारा हा सल्ला ऐकून समजलं की ह्याने टाकी कशाची आहे ते पण बघितलेलं नाही, आणि पुढे कळलं की निपलभोवती (टाकीला पाइप जिथे जोडतात तो तुकडा) आधीच सिलिकॉन फासलेलं होतं, म्हणजे बनवतानाच कुठेतरी ओलं दिसलं असणार.

परत येताना कोल्हापुरात मेव्हण्याकडे मुक्काम होता. तो म्हणाला अरे बंपरवाल्याकडे ने, ते लोक गच्चीवरच्या टाक्या पण जोडतात. मला शंका होती, कारण बंपर वेगळ्या प्लास्टिकचा असतो. पण गेलो.

दुकान म्हणजे दहा बाय पंधराची शेड. बाहेर फुटलेले बंपर, मोटरसायकलची मडगार्डं, एक अख्खी पिवळी ५०० लिटरची टाकी आडवी पडलेली. मामा साठीच्या आसपासचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्यांनी गाडीत येऊन बेड उचलून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “भरल्यावरच गळतीया का अर्धी असताना बी?” हा प्रश्न बिल्डरने विचारला नव्हता. मी म्हणालो भरल्यावर जास्त, अर्ध्याच्या खाली गेली की नुसता ओलावा. “मंग भोक न्हाई, तडा हाय. वजन आलं की तोंड उघडतंय.” बरोबरच आहे, १०० लिटर म्हणजे १०० किलो, टाकीच्या भिंती बाहेर फुगतात तेव्हा भेग उघडते आणि पाणी उतरलं की मिटते. मग बोट निपलवर. “आन ह्ये सिलिकॉन कुणी फासलंय वो? ह्या टाकीला काय बी चिकटत न्हाई.”

हे जरा नीट सांगतो कारण बहुतेक लोकांचे पैसे इथेच जातात. ह्या टाक्या पॉलिथिलीनच्या, गच्चीवरच्या टाक्यांसारख्याच साच्यात फिरवून बनवलेल्या. पॉलिथिलीनचा पृष्ठभाग असा की त्यावर सिलिकॉन, एपॉक्सी पुट्टी, फेव्हिक्विकसारखे गोंद हे काहीच मुरत नाही, नुसतं वर बसतं. सुकल्यावर घट्ट वाटतं, मग टाकी भरली, हलली, की एका कडेने पापुद्रा सुटतो. प्लास्टिकसाठी खास गोंद असतात पण ते महाग, आणि पिण्याच्या पाण्यात नक्की काय उतरतं हा प्रश्न राहतोच. त्यामुळे एक तर टाकी बदला नाहीतर तेच प्लास्टिक वितळवून जोडा.

टाकी बाहेर काढायला मामांच्या हाताखालचा पोरगा लागला, त्यात बराच वेळ गेला. बिल्डरने टाकी आधी ठेवून बेडची फ्रेम नंतर वेल्ड केली होती, त्यामुळे फ्रेमचे दोन बोल्ट कापावे लागले. (ज्यांचं काम चालू आहे त्यांनी ऐका: टाकी फ्रेम न कापता बाहेर निघते का हे पैसे देण्याआधी बिल्डरला करून दाखवायला लावा.)

मग खरी मजा. पोरगा कॉम्प्रेसरची नळी घेऊन आला, हवा भरून साबणाचं पाणी मारू म्हणाला. मामा ओरडले त्याच्यावर. “हवा मारलास तर टाकी फुग्यागत फुगंल, आन तडा हाय त्याचं भगदाड हुईल.” मी मनात हिशेब केला. टाकीची मोठी बाजू साधारण १०० बाय ४० सेंटिमीटर, म्हणजे ४००० चौरस सेंटिमीटर. ०.२ किलो प्रेशर (दर चौरस सेंटिमीटरला, साधारण ३ पीएसआय) म्हणजे काहीच नाही असं आपल्याला वाटतं, टायरमध्ये तर ३०-३५ पीएसआय असतं, पण ०.२ गुणिले ४००० म्हणजे त्या एका भिंतीवर ८०० किलोचा जोर. टाकी भरलेली असताना सुद्धा तळाशी जेमतेम ०.०४ एवढंच प्रेशर असतं. त्यामुळे घरी कोणी यूट्यूब बघून कॉम्प्रेसर लावू नका. मामांनी सगळी भोकं बूच मारून बंद केली आणि व्हेंटच्या नळीतून तोंडाने फुंकलं. नुसतं तोंडाने. पोरगा ब्रशने डिटर्जंटचं पाणी लावत गेला आणि निपलच्या वरच्या अंगाला बारीक बारीक बुडबुड्यांची एक तिरकी ओळ उठली.

भेग डोळ्याला दिसत नव्हती. मामांनी जागा पुसली, कपड्याची नीळ बोटाने चोळली, परत फडक्याने पुसली, आणि निळी रेघ तेवढी उरली. निपलच्या भोकापासून सुरू होऊन तिरकी वर, चारेक सेंटिमीटर, शेवटी केसाहून बारीक. कारण पण तिथेच लटकत होतं: पितळेचा जड निपल, त्याला पितळेचाच बॉल व्हॉल्व्ह, त्याला कडक सीपीव्हीसी पाइप, आणि ह्या सगळ्याला कुठेही क्लॅम्प नाही. गाडी प्रत्येक खड्ड्यात आपटली की एवढं सगळं वजन त्या एका भोकाच्या काठावर हेलकावे खातंय. पुणे-कोल्हापूर हायवेच्या कामाचे डायव्हर्जन ज्यांनी खाल्लेत त्यांना वेगळं सांगायला नको.

मला वाटलं झालं, आता जोडतील. पण मामांनी शटर खाली ओढलं. अंधार. माझा मोबाइल मागितला, टॉर्च लावली, टाकीच्या वरच्या झाकणातून हात कोपरापर्यंत आत घालून मोबाइल हळूहळू फिरवायला लागले आणि बाहेरून टाकीकडे बघत बसले. पांढरी टाकी आतून दुधी उजळलेली, आणि तळाला एका कोपऱ्याजवळ रुपयाएवढा गोल भाग बाकीच्यापेक्षा लख्ख. “हितं बगा. पातळ झालीया.” खालची लोखंडी अँगलची फ्रेम, त्यावर वेल्डिंगचा एक दाणा तसाच सोडलेला, ग्राइंड न केलेला, आणि टाकी त्यावर घासून घासून तिथे झिजलेली. अजून भोक पडलं नव्हतं, पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत पडलं असतं नक्की. ही गोष्ट मी विचारली पण नव्हती आणि त्यांनी न शोधता चार सेंटिमीटर जोडून पैसे घेतले असते तरी मला कळलं नसतं. माझे चार स्टार त्या टॉर्चलाच आहेत.

जोडण्याआधी माझी शंका बोलून दाखवली, की मामा तुमची वितळवून भरायची कांडी बंपरची ना. बंपर पीपीचा (पॉलिप्रॉपिलीनचा) असतो, टाकी पॉलिथिलीनची, दोन्ही वितळतात पण एकमेकांत मिसळत नाहीत. मामा चिडले नाहीत, उलट पक्कड माझ्या हातात दिली. टाकीच्या वरच्या बिनकामाच्या काठावर बंपरची काळी कांडी जोडून दाखवली, गार होऊ दिली, म्हणाले ओढा. सालासारखी निघाली, खाली टाकी स्वच्छ. मग एका फुटक्या पांढऱ्या टाकीच्या झाकणाची पट्टी कापली, टोक लायटरने पेटवून विझवलं, वास घ्यायला लावला: विझलेल्या मेणबत्तीचा. ती पट्टी तशीच जोडली, गार झाल्यावर मी जोर लावून ओढली तर पट्टी मधेच तुटली पण जोड सुटला नाही. कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडे जाल तेव्हा ही एवढी परीक्षा मागा, जो नाही म्हणेल त्याच्याकडून उठा.

बाकी वेल्डिंगचं काम पटकन झालं. आधी जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडलं, त्याचा अंश राहिला तरी जोड धरत नाही. भेगेच्या वरच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडलं म्हणजे ती पुढे पळणार नाही, भेगेवर व्हीसारखी खाच मारली, हॉट एअर गनने पट्टी आणि टाकी दोन्ही एकदमच चकाकेपर्यंत तापवून पट्टी दाबत दाबत भरली. निपलच्या भोकाभोवती त्याच पांढऱ्या प्लास्टिकची जाड चकती जोडून नवं भोक पाडलं. तळाच्या पातळ भागावर आणखी एक ठिगळ. काही ठिकाणी बंपरसाठी तारेचे स्टेपल गरम करून आत घुसवतात, ते इथे वापरलं नाही, पाण्याच्या टाकीत लोखंड ठेवून काय करायचं. गार व्हायला पंखा नाही लावला, आपोआप होऊ दिली.

पितळेचा निपल मामांनी सरळ भंगारच्या डब्यात टाकला. प्लास्टिकचा टँक निपल, रबर वॉशर आतल्या बाजूने, हाताने आवळून वर पाव फेरा पान्याने, बस. व्हॉल्व्ह वेगळा प्लायवर क्लॅम्प केला आणि मधे अर्धा मीटर फूड ग्रेडची लवचिक नळी, दोन्हीकडे क्लिप, म्हणजे गाडी हलली तर नळी हलेल, टाकीला झटका बसणार नाही. फ्रेमवरचा तो दाणा पोराने ग्राइंडरने उडवला आणि टाकीखाली साखर कारखान्याच्या जुन्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा कापून घातला. कोल्हापुरात हा बेल्ट भंगारात सहज मिळतो आणि ह्या कामाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

पैसे: वेल्डिंग आणि ठिगळं ९००, निपल-नळी-क्लिप ४५०, बेल्ट १५०, काढणं-बसवणं ५००. एकूण २०००. ११ हजाराच्या तुलनेत. मामा वेल्डिंगचे खरं तर ७०० च म्हणाले होते, दोनशे मी वर दिले, कारण खरं काम शोधण्यात गेलं आणि ते बिलात कुठे धरलेलंच नव्हतं.

एक स्टार कापला तो पुढच्या गोष्टींसाठी. टाकी बसवताना पोराने ओल्या प्लायवूडवरच बेल्ट अंथरला होता, मी बघितलं म्हणून काढायला लावला आणि प्लाय दोन दिवस उन्हात उघडा ठेवून मग बसवली, नाहीतर खालून सडलं असतं. अशा गाड्यांत टाकीच्या पाण्यापेक्षा ते मुरलेलं पाणीच जास्त वाट लावतं हे लक्षात असू द्या. वेल्ड दिसायला ओबडधोबड आहे, कोणाला दाखवायचं नसल्यामुळे चालतंय. पक्कं बिल नाही, कच्च्या चिठ्ठीवर हिशेब. गल्लीत ट्रॅव्हलर लावायला जागा नाही, मागून टेम्पोवाले हॉर्न मारून डोकं उठवतात. फोन लागत नाही कारण नंबरच अर्धा आहे, तेव्हा सकाळी लवकर स्वतः जाऊन विचारा आणि अख्खा दिवस मोकळा ठेवा. दुपारच्या जेवणानंतर दुकान अर्धा तास झोपतं.

बसवल्यावर तिथेच पूर्ण भरून खाली वर्तमानपत्र अंथरून रात्रभर ठेवली, कागद सकाळी कोरडा कडकडीत. मग भरलेल्या टाकीनिशी गाडी मुद्दाम स्पीडब्रेकरवरून नेली. त्यानंतर पन्हाळ्याला चढवली, घाटात उभी केली, नाक वर, नाक खाली. काही नाही. आता पावसाळा जाऊन हिवाळा आलाय, अजूनही पेन्सिलची रेघ जिथल्या तिथे असते.

वेल्डिंगनंतर टाकी तशीच वापरू नका. आत प्लास्टिकचा कीस असतो, तो धुवून काढा, पंपाआधीची जाळी उघडून साफ करा नाहीतर कीस पंपात जाऊन बसेल. मग पूर्ण भरलेल्या १०० लिटरमध्ये ५ टक्क्यांचं साधं, सुगंध न घातलेलं सोडियम हायपोक्लोराइट १०० मिली टाका, सगळे नळ उघडून क्लोरिनचा वास येईपर्यंत पाणी काढा, चारेक तास ठेवा आणि सगळं सोडून देऊन दोनदा साध्या पाण्याने धुवा. ह्याने साधारण ५० पीपीएम क्लोरिन होतं, ते प्यायचं नाही हे सांगायला नकोच.

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन टुरिझमचं धोरण काढलं, तेव्हापासून भाड्याच्या कॅम्पर बऱ्याच दिसतात रस्त्यावर, पण त्या दुरुस्त करणारा माणूस कुठे बसतो हे कोणालाच माहीत नाही. शोरूमवाला म्हणतो बिल्डरकडे जा, बिल्डर म्हणतो नवीन घ्या. म्हणून एवढं लांबलचक लिहिलं. तुमच्या गावातही असा टाकी जोडणारा असेलच, गच्चीवरच्या टाक्या कोण करतो ते विचारा.

निघताना बायकोने मामांना विचारलं की आमच्या टॉयलेटच्या कॅसेटचं झाकण पण जरा चिरलंय, ते आणू का. मामांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. “वैनी, त्येवढं सोडून काय बी आणा.”